हलका बर्फ, चढता पारा : लडाखचा हिवाळा

आकाश ढगाळ राहील, तुरळक ठिकाणी हलका हिमवर्षाव होईल, किमान तापमानात दोन ते चार अंशांनी वाढ होईल. हिवाळ्यात लेह-लडाखसाठी हवामान खात्याचा असा अंदाज पुष्कळदा येतो. सहलीला निघालेल्यांना तो शुभवर्तमानच वाटतो. बर्फही पाहायला मिळणार आणि थंडीही बेताची! तेथील शेतकरी मात्र हाच अंदाज निराळ्या नजरेने वाचतो. जानेवारीतल्या आमच्या मुक्कामात त्याचे कारण आम्हांस समजले. ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

लेह हे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. हिवाळ्यात मनालीकडून येणारा रस्ता बंद असतो. म्हणून आम्ही उभयता मुलांना घेऊन दिल्लीहून विमानाने गेलो. हवा विरळ, जिना चढला तरी धाप लागते. त्यामुळे पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती घेतली. जानेवारीत रात्रीचा पारा उणे १० ते उणे १५ अंशांच्या आसपास उतरतो. नळ गोठतात, पाणी बादलीने आणावे लागते.

आमचा मुक्काम शहराबाहेरच्या एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात होता. घरातल्या माउलीला सारेजण ‘आमा-ले’ म्हणत. आमा म्हणजे आई आणि ‘ले’ म्हणजे आपल्या ‘जी’सारखा आदराचा शब्द. भेटताना, आभार मानताना, निरोप घेतानाही ‘जुले’ म्हणायचे. आम्ही सारे बुखारीभोवती, म्हणजे लोखंडी शेगडीभोवती बसत असू. लोणी घातलेला खारट चहा मुलांना रुचला नाही, पण गरमागरम थुक्पा त्यांनी दोनदा मागून घेतला.

हलक्या बर्फाचा अंदाज आला तेव्हा मुले आनंदाने नाचू लागली. आमा-लेंचा थोरला मुलगा मात्र म्हणाला, “एवढ्याने काय होणार? वरच्या डोंगरावर गुडघाभर पडायला हवा.”

आता बर्फ पडताना थंडी कमी कशी होते, असे कुणीही विचारील. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी प्रक्षोभ येतात. तेच हिमालयात बर्फ आणतात. त्यांच्यासोबत येणारे ढग रात्री जमिनीवर गोधडीसारखे पसरतात, जमिनीची ऊब निसटू देत नाहीत आणि पारा चढतो. ढग सरले, आभाळ मोकळे झाले की कडाका पुन्हा वाढतो. मग उत्तरेचे गार वारे खाली वाहू लागतात. आपल्या निफाडच्या द्राक्षबागायतदाराला जी हुडहुडी भरते, तिचा उगम बहुधा या वाऱ्यांतच असतो.

हे झाले चार दिवसांचे. परंतु वर्षानुवर्षे हिवाळाच सौम्य होत गेला, तर प्रश्न पाण्याचा येतो. हिमालयाच्या भिंतीमुळे मोसमी पाऊस लडाखपर्यंत फारसा पोहोचत नाही. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवसात तेवढे कोसळते! तेव्हा डोंगरावरचा बर्फ हीच येथील पाण्याची कणगी. जव पेरायचा एप्रिल-मे महिन्यांत, आणि हिमनद्यांचे भरपूर पाणी येते जूनमध्ये. मधल्या टंचाईत हिवाळी बर्फाचे वितळणारे पाणीच पिकाला तारते. त्याची पाळी ठरविणारा ‘छुरपोन’ गावोगावी असतो. पाणी कमी पडले की भांडणे सोडविता सोडविता त्याचीच कसोटी लागते.

झांस्कर खोऱ्यातील कुमिक या जुन्या गावाची कथा यासाठीच ऐकण्याजोगी आहे. वरचा बर्फ आटला, ओढा रोडावला आणि लोकांना खाली नदीजवळ नवी वस्ती उभारणे भाग पडले. पिढ्यानपिढ्यांची शेते सोडून जाणे म्हणजे काय, हे आपल्याकडील दुष्काळी भागातल्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

लडाखी माणूस मात्र हात जोडून बसलेला नाही. चेवांग नोर्फेल या अभियंत्याने १९८७ पासून डोंगरउतारावर बांध घालून हिवाळ्यातले वाया जाणारे पाणी गोठविण्याचे काम केले. या ‘कृत्रिम हिमनद्या’ गावाजवळ असल्याने लवकर वितळतात आणि पेरणीला उपयोगी पडतात. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘हिमस्तूप’ उभारला. उंचावरचे पाणी नळाने खाली आणायचे, कारंज्यासारखे उडवायचे, म्हणजे ते थंड हवेत गोठून स्तूपाच्या आकाराचा सुळका तयार होतो. या आकाराला ऊन कमी लागते, त्यामुळे बर्फ अधिक काळ टिकतो. यासाठी पंप लागत नाही, पण कडाक्याची थंडी लागतेच. पारा चढला की याही उपायाची शक्ती घटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात बोटाच्या पेराएवढा बर्फ होता. मुलांनी मूठभर बर्फाचा बाहुला केला. आमा-लेंनी गच्चीवरचा बर्फ झाडून जर्दाळूच्या बुंध्याशी लोटला. बाकीचा दुपारच्या उन्हात दिसेनासा झाला. कोरड्या हवेत थोडासा बर्फ पाणी न होताच उडून जातो. यंदा बर्फ असाच पडला तर एक शेत पडीक ठेवावे लागेल, असे त्या घरात बोलणे चालले होते.

हिवाळ्यात लडाखला अवश्य जावे. मात्र ढगाळ हवेत विमाने रद्द होतात, म्हणून दोन दिवस हाताशी राखावेत. बादलीभर पाणी मिळाले तर त्यातच भागवावे. त्यातले प्रत्येक तांब्याभर पाणी कुणाच्या तरी पेरणीतले असते. आणि परतल्यावरही लेहचा अंदाज पाहताना त्यात हलका बर्फ आहे की भरपूर, हे जरूर वाचावे. आम्ही आता ते रोज वाचतो.