काचेच्या पेटीतील परिवार

आमच्या नातवाने नाशकात काचेच्या पेटीत समुद्र मांडण्याचा घाट घातला आहे. आम्ही त्यास सांगितले, प्रवाळ नकोत. मालवणच्या प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मग फुलपाखरू-मासाही नको. त्याच्या कित्येक जाती प्रवाळांवरच जगतात, त्या येथे उपाशी मरतील. लायनफिश रूपवान खरा, पण शेजारची कोळंबी गिळतो. क्लाउनफिशची एक जोडी, माशांची अंगे साफ करणारी कोळंबी व शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, एवढा परिवार गुण्यागोविंदाने नांदतो. खाऱ्या पाण्यात मळ पचविणारे सूक्ष्म जीव रुजेपर्यंत काही आठवडे थांबावे. सोयरीक जुळविताना आपण रूपाआधी स्वभाव पाहतो; येथे आहारही पाहावा. या घरातून रुसून निघून जाण्याची सोय कोणासही नाही.