कागदावरची पहिली ओळ

गिरडला कोणत्याही बाजूने या, टेकडी आधी दिसते आणि गाव नंतर. टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा, गावात रामाचं देऊळ. रामनवमीला आणि मोहरमला सगळे रस्ते माणसांनी भरतात. टेकडीभोवती मिळणारे सुपारीएवढे गोल दगड आम्ही लहानपणी खिशात भरून आणायचो. बाबांची चेष्टा करणाऱ्या बंजाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्या दगडांची गोष्ट आजही घराघरात सांगतात. याच गावात मी वाढलो, आणि थोड्या अंतरावरच्या गावातल्या शाळेत शिकवतो. शाळेत सायकलने जातो. मोटारसायकल घरी आहे, पण सकाळी तुरीच्या आणि कापसाच्या शेतांमधून पायडल मारत जाण्याची सवय मला सोडायची नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्याच्या अगदी कडेला. एका बाजूला उमरेडकडे गेलं की नागपूर जिल्हा, दुसऱ्या बाजूला चिमूरकडे वळलं की चंद्रपूर. पश्चिमेला समुद्रपूर, त्यापुढे जाम, आणि जामला नागपूर-हैदराबाद महामार्ग. एरवी हे रस्ते शांत असतात. पण पाऊस ओसरला की गिट्टीचे आणि रेतीचे टिप्पर सुरू होतात. त्यात हिंगणघाटच्या बाजाराकडे जाणारा कापूस येतो. बोथरं बांधलेल्या गाड्या दोन्ही बाजूंनी इतक्या फुगलेल्या असतात की समोरून आलेल्या माणसाला रस्ता उरतच नाही.

या भागातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. आमची माती काळी. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते, आणि डांबराच्या कडेची साइडपट्टी दरवर्षी खचते. डांबराची कड वीतभर उंच राहते. मागून गाडी आली की गाडीवाल्याला वाटतं, सायकलवाल्याने खाली उतरावं. पण त्या कडेवरून चाक खाली गेलं की सायकल आडवी होते. म्हणून समजदार सायकलवाला कडेपासून हातभर आत चालवतो, आणि ‘मधातून चालवते’ अशी शिवी खातो.

२०२४च्या कापूस हंगामात एका सकाळी असंच झालं. मागून टिप्पर आला. समोरूनही एक गाडी येत होती. टिप्परवाल्याने क्षणभर थांबायला हवं होतं. त्याने हॉर्न दाबून धरला आणि माझ्या आणि समोरच्या गाडीच्या मधून घुसला. त्याच्या डाल्याची कड माझ्या कोपराला लागली. सायकल कडेवरून खाली गेली, मी खांद्यावर आपटलो. टिप्पर थांबला नाही. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या. त्यांच्यातल्या एकीने पदर फाडून माझा हात गळ्यात बांधला. ‘सर, हलू नोका, हलू नोका’ एवढंच ती म्हणत राहिली.

उजव्या खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडलं होतं. दुखण्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहायचं आहे ते त्यानंतरच्या कागदांबद्दल.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘काय झालं?’ मला आणणाऱ्या शेजाऱ्याने उत्तर दिलं, ‘सायकलवरून पडले.’ डॉक्टर तसंच लिहायला लागले. मी पडल्या पडल्या म्हणालो, ‘डॉक्टरसाहेब, मी पडलो नाही. मागून टिप्परने धक्का दिला. तेवढं लिहा.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थांबले, आणि ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार मागून आलेल्या अवजड वाहनाचा धक्का’ असं लिहून पोलिसांना कळवायचा कागद भरला. त्यांचे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत. पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न हाच निघाला की दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलं आहे. तिथे ‘सायकलवरून पडले’ असतं, तर विषय तिथेच संपला असता. पडलेल्या माणसाचा गुन्हा कोणावर दाखल करणार?

सायकलवाल्याच्या बाबतीत हे फार सहज होतं, आणि त्याचं कारण माणसांच्या वाईटपणात शोधू नये. मोटारसायकलला अपघात झाला तर विमा असतो. विमा कंपनीला गुन्ह्याचा कागद लागतो, म्हणून तो कागद कोणीतरी मागतं, कोणीतरी देतं. सायकलला नंबर नाही, आरसी नाही, विमा नाही. सायकलवाल्याच्या अपघाताचा कागद सायकलवाल्याशिवाय कोणालाच नको असतो. आणि तो स्वतः त्या वेळी हात गळ्यात बांधून बसलेला असतो.

दोन दिवसांनी मी ठाण्यात गेलो. कोणत्या ठाण्यात, ते लिहीत नाही. जिल्ह्यांच्या सीमेवर राहणाऱ्यांना या अनुभवात आपलं ठाणं दिसेल. अंमलदार माझ्याशी आदराने बोलले. खुर्ची दिली, चहा सांगितला. मग विचारलं, ‘सर, नंबर पायला का?’ मी म्हणालो, नाही, मागची पाटी चिखलाने माखलेली होती. ‘मंग कोणावर लिहू?’ मी म्हणालो, अज्ञात वाहनावर लिहा. त्यावर जागेचा प्रश्न निघाला. ती जागा त्यांच्या हद्दीत येते की पलीकडच्या, यावर दोघांचं बोलणं झालं. शेवटी ते म्हणाले, ‘जाऊ द्या न सर, एनसी करून टाकू. कायले कोर्टाच्या चकरा मारता?’ मधे हेल्मेट घातलं होतं का, फोनवर बोलत होता का, एवढ्या सकाळी अंधार होता का, हेही विचारून झालं. हेल्मेट होतं, फोन खिशात होता, ऊन पडलेलं होतं. टिप्पर किती वेगाने होता, हे मात्र कोणी विचारलं नाही.

माझा एक जुना विद्यार्थी हिंगणघाटला वकिली करतो. त्याने मला फोनवर जे सांगितलं, ते प्रत्येक सायकलवाल्याने पाठ करावं म्हणून इथे लिहितो.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. बेदरकारपणे वाहन चालवणं तिच्या कलम २८१मध्ये येतं. कोणाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याला गंभीर दुखापत झाली तर कलम १२५. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे दखलपात्र गुन्हे आहेत. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, इथे बसतच नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. हद्दीचं म्हणाल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची. लोक याला झिरो एफआयआर म्हणतात. तक्रारदाराला प्रत फुकट द्यायची. ठाण्याने नकार दिला, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १३४: अपघातानंतर चालकाने थांबायचं, जखमीला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं. पळून जाणं हा वेगळा गुन्हा आहे.

विद्यार्थ्याने शेवटी म्हटलं, ‘सर, तोंडी काहीच बोलू नका. लिहून न्या, दोन प्रती करा, आणि एकीवर पोच घ्या.’

मी लिहून नेलं. जागा सांगताना ‘अमुक गावाजवळ’ असं न लिहिता किलोमीटरचा दगड, कडेचं कडुनिंबाचं झाड, कोणाचं शेत, सगळं लिहिलं. वेळही अंदाजाने लिहावी लागली नाही. कापूस वेचणाऱ्या बायांपैकी एकीच्या पोराने तिथूनच ११२ला फोन केला होता आणि त्याच्या मोबाइलमध्ये ती वेळ होती. माझी सायकल मी घासूनपुसून दुरुस्तीला दिली नव्हती. वाकलेलं हँडल आणि त्यावर घासून लागलेला पिवळा रंग तसाच होता. टिप्पर पिवळ्या रंगाचा होता. हे सगळं कागदावर पाहिल्यावर त्याच अंमलदारांचा सूर बदलला. पोच मिळाली. गुन्हा लगेच नोंदला गेला नाही. त्यासाठी अधीक्षकांच्या नावे रजिस्टर्ड पोस्टाने प्रत पाठवावी लागली. मग बोलावणं आलं आणि अज्ञात टिप्परचालकाविरुद्ध गुन्हा दाखल झाला. त्या दिवशी घरी येऊन मी ती प्रत आईला वाचून दाखवली.

पुढची गाठ वेळेशी होती. त्या रस्त्यावर पुढे एक पेट्रोल पंप आहे. पंपाच्या कॅमेऱ्यात रस्त्याचा तुकडा दिसतो, पण जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तपास करणाऱ्या हवालदारांना मी लेखी विनंती केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्यांच्याबरोबर पंपावर गेलो. चित्रणात पिवळा टिप्पर होता. मागच्या पाटीवर चिखल होता, पण टिप्परच्या बाजूला मोठ्या अक्षरात रंगवलेला नंबर स्पष्ट वाचता आला. हवालदार म्हणाले, ‘सर, आता सापडला.’ तेही खूश झाले होते. त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो, आणि हाताशी पुरावा आला की तेही मनापासून धावतात, हे मी पाहिलं.

त्यानंतर मालकाकडून एक माणूस ओळखीच्या दोघांना घेऊन घरी आला. म्हणाला, ‘गुरुजी, नवीन सायकल घेऊन देतो, भारीतली. दवाखान्याचा खर्चही देतो. पोराचं लायसन जाईल हो.’ तो चालक विशीतला पोरगा होता. त्याला दिवसाला किती फेऱ्या झाल्या त्यावर पैसे मिळतात, हे मला त्या माणसाकडूनच कळलं. त्याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. फेऱ्यांवर पैसे देणारा मालक त्याच्या पायाखालचं ॲक्सिलरेटर दाबत असतो. तरीही मी नाही म्हटलं. सायकल घेतली असती, तर तो पोरगा त्याच वेगाने त्याच रस्त्याने उद्याही गेला असता, आणि उद्या कडेला माझ्या वर्गातली मुलगी असती.

मुलींबद्दल लिहायलाच हवं. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. एका सायकलीमुळे गावाबाहेरच्या शाळेत जाणारी मुलगी टिकते, हे मी शिक्षक म्हणून वर्षानुवर्षं पाहतो. पण टिप्परने एकदा घासून गेल्यावर बाप म्हणतो, ‘पोरगी घरीच राहू दे.’ तो अपघात झालेला नसतो, त्यामुळे त्याची नोंद कुठेच नसते. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, हा सरकारी आकडा आहे. थोडक्यात वाचलेल्या आणि मग शाळा सुटलेल्या मुलीचा आकडा कोणत्याही सरकारी रजिस्टरमध्ये नाही.

माझ्या अपघाताच्या आधीची एक बातमी आठवते. २८ फेब्रुवारी २०२४ला पहाटे नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच रस्त्यावर अवतार सैनी सायकल चालवत होते. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, पेंटियम प्रोसेसरच्या कामात मोठा वाटा असलेले अभियंते. मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेत ते गेले. सोबत सायकलस्वार मित्र होते, गुन्हा दाखल झाला, देशभर बातमी झाली. तेव्हा मी विचार केला होता, एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या रुंद रस्त्यावर, एवढ्या नामवंत माणसाचं हे होतं, तर आमच्या तुरीच्या शेताकडेच्या रस्त्यावर साक्षीला कोण असणार? आता त्याचं उत्तर मला माहीत आहे. कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. त्यांनी पोलिसांसमोर जबाब दिला, एका दिवसाची मजुरी बुडवून. माझ्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा त्यांचा जबाब आहे, असं माझा वकील विद्यार्थी म्हणतो.

जर्मनीत २०२०पासून वस्तीबाहेरच्या रस्त्यावर सायकलवाल्याला ओलांडताना मोटारीने दोन मीटर अंतर ठेवायचं, असा नियम आहे. आमच्या एकेरी डांबराच्या रस्त्यावर दोन मीटर कुठून आणणार, असं कोणी विचारेल. उत्तर सोपं आहे: जागा नसेल तर मागे थांबायचं. समोरची गाडी जायला जो वेळ लागतो, तेवढाच.

हाड जुळल्यावर मी शाळेत एक वही ठेवली. मुलं आणि पालक तीत लिहितात: कोणत्या दिवशी, कोणत्या वळणावर, कोणत्या गाडीने हूल दिली. नंबर दिसला तर नंबर. ती वही घेऊन आम्ही ग्रामसभेत गेलो आणि दोन वळणांवर रम्बलर आणि साइडपट्टीचा भराव मागणारा ठराव केला. ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवला आहे. भराव अजून झालेला नाही. आरोपपत्र दाखल झालं आहे, खटला सुरू आहे. तारखा लांबतील, मी जाणार आहे.

ज्याचं वाहन सापडतच नाही, त्यानेही गुन्हा नोंदवावा. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या बाबतीत १ एप्रिल २०२२पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करता येतो. सायकलला विमा नाही म्हणून सायकलवाला त्यातून वगळलेला नाही. पण कागद नसेल तर अर्जाला आधारच नाही.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या गावात कोणा सायकलवाल्याला गाडीने पाडलं, तर त्याच्याबरोबर दवाखान्यात जा, आणि डॉक्टर ‘काय झालं?’ विचारतील तेव्हा गाडीचं नाव घ्या. ११२ला फोन करा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. आणि तुम्ही पाहिलं असेल, तर साक्ष द्या.