बुंध्याचा फोटो पाठव

परभणीतल्या आमच्या घरामागं मोसंबीचं एकच झाड आहे. आजोबांनी जाण्याआधी दोन वर्षं लावलेलं, म्हणजे आता बारा वर्षांचं. मागच्या जानेवारीत ते असं फुललं की गल्लीच्या तोंडापर्यंत वास. आज्जी खूश. ऑगस्टमध्ये मी पुण्याहून घरी आले तेव्हा फळं ढीगभर होती, पण लिंबाएवढी, आणि पानं पिवळी पडून खाली सडा. काकाला त्या जागेवर गाडीसाठी शेड टाकायचंय. त्यामुळे झाड आजारी पडल्याचं दुःख घरात सगळ्यांना सारखंच झालं, असं म्हणता येत नाही.

पिवळं पान हा आजार नसतो, ती तक्रार असते, जसा ताप. पण आपण काय करतो? पानाचा फोटो काढतो, मोबाइलवर टाकतो आणि दहा आजारांची नावं वाचून घाबरतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. बोअरच्या खाऱ्या पाण्याला दोष देणारे होतेच. एका दुकानदारानं तर पान हातातही न घेता टॉनिकची बाटली पुढं केली. चारशे रुपये.

माझी एक मैत्रीण इथल्याच कृषी विद्यापीठात फळबागा शिकली. तिला पानाचे फोटो पाठवले. ती म्हणाली, पिवळं कुठं आहे ते बघ. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोह मिळत नाहीये. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी. आमच्या पानांचं उलटंच होतं. मधली शीरच पिवळीधमक. तिनं लगेच लिहिलं, "बुंध्याचा फोटो पाठव."

बुंध्याकडं आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं. वाकून बघितलं तर जमिनीपासून वीतभर उंचीवर साल काळी, ओलसर, उभी चिरलेली, आणि चिरेतून मधासारखे डिंकाचे थेंब. डिंक्या रोग. मोसंबीवाल्या शेतकऱ्याला विचाराल तर तो या नावानंच कपाळाला हात लावेल.

हा रोग करणाऱ्याचं नाव फायटोप्थोरा. अँटॉन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानं 1876 मध्ये ग्रीक शब्दांवरून ठेवलेलं. अर्थ, झाडांचा नाश करणारा. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाटा सडला आणि दुष्काळ पडला, तो याच्याच भाऊबंदानं. आपण बुरशी म्हणतो, पण ही खरी बुरशी नाही. याच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ते पाण्यात पोहतात. पाणी बुंध्याशी साचलं की पोहत येऊन सालीत शिरतात. पानांनी बनवलेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडं जातं. साल सडली की ते वरच अडकतं, म्हणून झाड भरभरून फुलतं आणि खाली मुळं उपाशी मरतात. जानेवारीचा तो बहर म्हणजे हे होतं.

आता प्रश्न होता पाणी कुठून येतं याचा. उत्तर मला माहीत होतं, म्हणून तर सांगायचं जिवावर आलं. आमच्या भागात नळ रोज येत नाही. आज्जी भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं, पाय धुतलेलं, सगळं पाणी बादलीत जमवते आणि झाडाच्या बुंध्यात ओतते. पावसाळ्यातही. आमची काळी माती पाणी धरून ठेवते ती ठेवतेच.

आज्जी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. लाल मिलो आणि सुकडी खाऊन काढलेलं वर्ष. (आमचं कृषी विद्यापीठही त्याच वर्षी, मे 1972 मध्ये सुरू झालं. 2013 मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव दिलं. दुष्काळात मुख्यमंत्री तेच होते.) 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तिनं टीव्हीवर बघितलं आणि त्या दिवसापासून आंघोळीचं पाणी अर्धी बादली केलं. अशा बाईला मी सांगणार, की तुझ्या पाण्यानं झाड मरतंय?

सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. "लेकरा, पाण्यावाचून मेलेली झाडं मी मोजली न्हाईत इतकी बघितली. पाण्यानं मेलेलं दाखव एक."

मी खुरप्यानं बुंध्याची माती उकरली. मोसंबीचा डोळा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात, आणि तो सांधा जमिनीच्या वर अर्धा-पाऊण फूट मोकळा राहायला हवा. आमचा पुरला गेला होता, कारण आजोबांनंतर कुणीतरी आळं करताना बुंध्याशीच भर घातली होती. मातीखालची साल बोटानं निघाली. आंबूस वास आला. आज्जीनं वास घेतला आणि काही बोलली नाही. मोरी धुवायला निघून गेली.

मग उपचार. सडलेली साल धारदार चाकूनं खरवडली, निरोगी भाग लागेपर्यंत. बोर्डो पेस्ट केली: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून तिसऱ्यात एकदम ओतायचं. लोखंडी भांडं नको. चाकूचं पातं बुडवून बघायचं. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. हे मिश्रण फ्रान्समधलं. बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी त्यांच्यावर मोरचूद-चुना मारायचे आणि त्याच वेलींवर रोग येत नाही हे मिलार्डे यांनी हेरलं, 1885 मध्ये जगाला सांगितलं. ही गोष्ट आज्जीला फार आवडली. गल्लीतली पोरं आमच्या मोसंब्या पळवतात.

दोन-अडीच फुटांपर्यंत बुंधा निळा झाला. मैत्रिणीच्या सल्ल्यानं मुळांशी मेटालॅक्झिलचं द्रावण ओतलं. फळं सगळी काढून टाकली, झाडाचा भार कमी व्हावा म्हणून. यावर मात्र भांडण झालं आणि आज्जी रात्री जेवली नाही.

पाण्याचं भांडण वेगळ्या रीतीनं मिटलं. बागाईतदार दुहेरी आळं करतात: बुंध्याभोवती मातीचा एक उंच कठडा, त्यापासून लांब दुसरा, आणि पाणी दोन्हींच्या मधे. खोड कोरडं, मुळांच्या टोकांना पाणी. मी कठडे घातले. आज्जीला बादली रिकामी करायला जागा मिळाली. ती रोज ओतते, फक्त तीन फूट लांब. पाऊस असला की ओतत नाही, असं ती म्हणते.

झाड अर्धं गेलं. पूर्वेच्या दोन फांद्या कापाव्या लागल्या. तिकडची साल चहूकडून सडली होती. पश्चिमेकडं यंदा नवी पालवी आहे, मधल्या शिरा हिरव्या. फुलं मोजकीच आली, आणि मला त्याचं बरं वाटलं. काकानं शेडचा विषय दिवाळीपर्यंत पुढं ढकललाय.

आता खुंटावर, सांध्याच्या खालून, एक फुटवा आलाय. तो मोसंबीचा नाही, रंगपूर लिंबाचा. वाढू दिला तर वरच्या झाडाचं खाईल, म्हणून मोडून टाक, असं मी आज्जीला फोनवर तीनदा सांगितलं. "मोडते," म्हणाली. काल व्हिडिओ कॉलवर बघितला. गुडघ्याएवढा झालाय, आणि त्याला काठीचा आधार दिलाय.