शंभरावें मेंढरूं

मोजणें ही गोष्ट वरवर पाहतां किती सोपी वाटते! एकापासून आरंभ करावा आणि वस्तू संपल्या म्हणजे थांबावें. यांत चुकण्यासारखें तें काय आहे, असें गेल्या वर्षापर्यंत मलाही वाटत असे. परंतु मोजण्यांतील चूक बहुधा मध्यें होत नाहीं, ती टोंकाशीं होते. आणि टोंकाशीं जो उभा असेल त्याला ती भोगावी लागते. हें मला एका लहानशा प्रसंगानें शिकविलें.

आमच्या वर्गाची सहल कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यास जावयाची होती. वर्गांत आम्ही ४२ मुलेंमुली. हजेरीपटावरून नांवांची यादी संगणकावर छापून ती भिंतीवर लावण्याचें काम गुरुजींनीं मजकडे सोंपविलें. आम्हांस पायथन ही भाषा शिकवितात. ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. या भाषेंत रांगेंतील पहिल्या नांवाचा क्रमांक शून्य असतो. कारण तो क्रमांक म्हणजे रांगेच्या आरंभापासूनचें अंतर होय. रस्ता जेथें सुरू होतो तेथील दगडावर शून्यच असावयाचें! म्हणून ४२ नांवांपैकीं शेवटच्या नांवाचा क्रमांक ४१. येथपर्यंत माझा विचार बरोबर होता. मीं यंत्रास 'शून्यापासून ४१ पर्यंत' अशी आज्ञा केली. परंतु या आज्ञेंत शेवटीं दिलेला अंक धरीत नाहींत, त्याच्या अलीकडेच थांबतात, हें मी विसरलों. यादींत ४१ च नांवें उतरलीं. मीं वरचीं दहा ताडून पाहिलीं, समाधान पावलों आणि कागद लावून मोकळा झालों.

हजेरीपटावरील शेवटचें नांव एका मुलीचें होतें. आईवडील ऊसतोडीस गेल्यामुळें ती कर्जतला आजीकडे राहावयास आली होती आणि दिवाळीनंतर आमच्या वर्गांत दाखल झाली होती. तिनें यादी वाचली; पुन्हां वरपासून वाचली; आणि कांहीं न बोलतां ती निघून गेली. सहलीच्या आदल्या दिवशीं गुरुजींनीं तिला वर्गणीविषयीं विचारलें, तेव्हां ती हळूच म्हणाली, "गुरुजी, माझं नांव यादींत नव्हतं. मी नवी आहे, म्हणून मला घेतलं नसेल, असं वाटलं."

वर्ग स्तब्ध झाला. मला मान वर करवेना. यंत्रानें तिला वगळलें नव्हतें. मीं वगळलें होतें.

गुरुजी रागावले नाहींत. ते म्हणाले, "अरे, शेवटचं नांव हवं असेल तर शेवटाकडून मोजावं. उणे एक म्हण." पायथनमध्यें उणे एक म्हटलें कीं शेवटचें नांव येतें, उणे दोन म्हटलें कीं शेवटून दुसरें. रांगेची लांबी ठाऊक असण्याचीही गरज नाहीं. "मग उणे शून्यापासून कां नाहीं?" असें मीं विचारलें. ते हंसून म्हणाले, "उणे शून्य म्हणजे शून्यच, आणि ती जागा पहिल्यानं आधींच घेतली आहे!" सर्वच भाषांत ही सोय नाहीं. जावास्क्रिप्टमध्यें शेवटच्यास अशी सरळ हांक मारण्याची रीत २०२२ सालीं आली.

घरीं येऊन आजोबांना हें सांगितलें, तर त्यांना त्यांत नवल वाटलें नाहीं. तरुणपणीं ते मेंढरें राखीत. "एकोणीस म्हणजे काय रे? एक उणे वीस! एकोणतीस, एकोणचाळीस सगळे तसेच. पावणेदोन म्हणजे पाव उणे दोन. आपण शेवटाकडून मोजतच आलोंय." मग ते म्हणाले, "मेंढपाळ कळपाच्या मागं चालतो, पोरा. पुढचं मेंढरूं आपोआप घरीं येतं. लंगडं, नुकतं व्यालेलं, तें मागं राहतं. वाडग्याच्या तोंडाशीं त्याची वाट पाहायची असते."

शंभरांपैकीं एक मेंढरूं हरवलें म्हणून नव्व्याण्णव सोडून त्याच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. त्याची दया सर्वांस दिसते. मला आतां त्याची मोजणीही दिसूं लागली आहे. त्यानें शेवटपर्यंत नीट मोजलें नसतें, तर एक मेंढरूं उणें आहे हें त्याला कळलें कसें असतें? ज्याची उणीव आपणांस कळलीच नाहीं, त्याला शोधावयास कोण जाणार?

तेव्हांपासून कोणतीही यादी केली कीं मी तीन गोष्टी पाहतों: पहिलें नांव, शेवटचें नांव आणि एकूण संख्या. एवढ्यास अर्धें मिनिटही लागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ती मुलगी सहलीस आली. गाडींत हजेरी घेण्याचें काम मीं मागून घेतलें, आणि तिच्या नांवापासून आरंभ केला.