दाण्याचा कूट

भूम तालुक्यातल्या ईट गावच्या कोणत्याही स्वयंपाकघरात चुलीजवळच्या फळीवर, नाहीतर गॅसच्या ओट्यावर, एक डबा पटकन हाताला लागेल असा ठेवलेला असतो. मीठ-तिखटाच्या शेजारी. दिवसातून चार-पाचदा उघडायचा म्हणून त्याचं झाकण कोणी दाबून बसवत नाही. आत दाण्याचा कूट असतो.

हा गृहस्थ स्वतःच्या नावानं ताटात क्वचितच येतो. वांग्यात जातो, भाजी वांग्याची म्हणवते. मेथीत जातो, काकडीच्या कोशिंबिरीत जातो, उपासाच्या खिचडीत जातो, येसराच्या आमटीत जातो. नाव प्रत्येक वेळी दुसऱ्याचं. कालवण पातळ झालं तर घरची बाई साय शोधायला जात नाही, मूठभर कूट सोडते. एक उकळी येते, तेलाचा तवंग वर चढतो आणि आमटी मिळून येते. अचानक दोन पाव्हणे आले तरी निभावून नेणारा हाच. एकत्र कुटुंबात एखादा काका असतो, सगळी कामं ओढतो आणि लग्नपत्रिकेत त्याचं नाव शेवटच्या ओळीत छापतात. कुटाची जागा तीच.

आमच्या घरात त्याची खरी परीक्षा पुण्याला शिकणाऱ्या भाचीमुळे झाली. सुट्टीला आली आणि तिनं सांगितलं, यापुढं दूध, दही, ताक, तूप, मध काही नाही. मांस-अंडी तिनं आधीच सोडली होती. तिला वीगन व्हायचं होतं. आणि हे ती सांगत होती भूम तालुक्यात!

या तालुक्याला खव्याचा वास आहे. पाऊस कमी, जमीन हलकी, पिकाचा भरवसा नाही. पण दावणीला म्हैस असली की हातात रोजचा पैसा येतो. दूध भट्टीवर जातं, मोठ्या कढईत आटतं, आटवणाऱ्याचा हात उलथन्यावरून सुटत नाही, कारण तळ लागला की सगळा घाणा गेला. एक किलो खव्याला ४ ते ५ लिटर दूध लागतं. कुंथलगिरीचा पेढा याच मुलखातला. दुधाच्या पगारावर मुलांच्या फिया भरल्या जातात, बियाणं येतं, दुष्काळात घर तगतं. त्या घरात बसून ‘दूध नको’ म्हणणं म्हणजे काय, ते भाचीला ठाऊक होतं. म्हणून ती कोणाशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, की म्हैस व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि होणारं रेडकू नर असलं तर त्याचं पुढं काय होतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी माझ्या ताटापुरतं ठरवलंय.

आज्जी काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दूध न्हाई, दही न्हाई, तूप न्हाई. मग खाणार काय गं माय?”

“आज्जी, काल रातच्याला काय होतं जेवायला?”

“काय असणार? भाकरी, वांग्याचं कालवण, ठेचा, कांदा.”

“त्यात दूध कुठं होतं?”

“दूध न्हवतं,” आज्जी म्हणाली. “पर कूट होता की.”

माझ्या मते वीगन होण्याची सुरुवात इथूनच करावी. शहरातला नवखा माणूस आधी दुकानात जातो, बदामाच्या दुधाचा महागडा डबा आणतो, परदेशी चीजची नक्कल आणतो, महिन्याभरात खिसा रिकामा होतो आणि उत्साहही. त्यापेक्षा आधी आपल्या रोजच्या ताटाची झडती घ्यावी. मराठवाड्याच्या ताटात दूध फार थोड्या ठिकाणी शिरलेलं आहे: चहात, ताकात, वरणावरच्या तुपात, सणाच्या गोडात. भाकरी, पिठलं, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, जवसाची चटणी, कारळाची चटणी, भोगीची भाजी, तिळगूळ, हुरडा हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या दुधावाचूनच चाललेलं आहे. मोकळ्या राहिलेल्या त्या थोड्या जागा भरायला कूट फळीवर बसलेलाच आहे.

सोडण्याची रीतही या मातीला परकी नाही. कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र भूम तालुक्यातच आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथं सल्लेखना घेऊन देह ठेवला. दिगंबर परंपरेत रसत्याग नावाचं तप आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ यांपैकी एखादा रस किंवा सगळे रस ठरावीक काळ, काही जण जन्मभर, वर्ज्य करतात. त्यामागचा विचार इंद्रियसंयमाचा आहे, वीगन माणसाचा जनावराच्या हालाचा. दोन्ही एक नव्हेत. पण ज्या डोंगराच्या पायथ्याशी पेढे विकले जातात त्याच डोंगरावर दूध सोडलेली माणसं आदरानं वंदिली जातात, हे इथल्या लोकांनी कायम पाहिलेलं आहे. भाचीचा निर्णय ऐकून गावातल्या एका जैन आजींनी तिला एवढंच विचारलं, “किती दिवसांचा नेम?”

आता कुटाच्या घराण्याविषयी. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. ठेच्यातली मिरचीही अमेरिका खंडातूनच आली. आज आपण ज्याला अस्सल गावरान जेवण म्हणतो, त्यातले हे दोन मानकरी कधीकाळी परके होते. भुईमुगाचा स्वभाव त्याच्या वाढीतच दिसतो. पिवळं फूल जमिनीच्या वर फुलतं, पण फळ वर धरत नाही. फुलाखालून आरी सुटते, खाली वाकते, मातीत घुसते आणि शेंग अंधारात भरते. ज्या वर्षी आऱ्या सुटायच्या वेळी जमीन कडक राहिली त्या वर्षी झाड हिरवंगार आणि शेंगा मोजक्या. मुळांवरच्या गाठींतून तो जमिनीला नत्रही देऊन जातो. गेल्या काही दशकांत मराठवाड्यात सोयाबीननं रानं भरून टाकली आणि याला बाजूला सरकावं लागलं, तरी फळीवरची त्याची जागा सोयाबीनला घेता आलेली नाही.

त्याचं आणि दुधाचं नातं जुनं आहे, हे मला भाचीशी बोलताना उमगलं. शेंगदाण्याचं तेल काढलं की मागं पेंड राहते. ती पेंड म्हशीपुढं जाते, म्हशीचं दूध भट्टीवर, भट्टीचा खवा बाजारात. दाणा तर दुधात आधीपासूनच होता, फक्त म्हशीला वळसा घालून येत होता. कूट तो वळसा टाळतो.

त्याला दुधाचं काम सांगायचं तर थोडी मेहनत आहे. दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी चोळून सालं काढायची, बारीक वाटायचे, चौपट पाणी घालून स्वच्छ फडक्यातून पिळायचे आणि मंद आचेवर सतत ढवळत उकळायचे. उरलेला चोथा धपाट्यात जातो. कोमट दुधात विरजणाऐवजी हिरव्या मिरचीचे देठ टाकून ठेवले तर दहीही लागतं. ते कवडी दह्यासारखं घट्ट होत नाही आणि दाण्याचा वास राहतो. कढीला फोडणी दिली की तो वास दबतो. गोडासाठी तर वेगळी विद्या नकोच. कूट, गूळ आणि वेलची वळली की लाडू तयार. पुरणपोळीबरोबर गुळवणी घ्यावी, ती काही तुपाची मोलकरीण नव्हे.

चहात मात्र हा फसतो. दुधाच्या चहाची सवय असलेल्या जिभेला दाण्याचा चहा रुचत नाही, आणि खोटं समाधान करून घेण्यात अर्थ नाही. गुळाचा कोरा चहा घ्यावा, आलं-गवती चहा घालून. पहिला आठवडा जड जातो. नवख्यांना मी सांगेन, चहाची लढाई सगळ्यात आधी लढू नका. आधी तूप सोडा, मग ताक, चहा शेवटी.

कुटाला रागही येतो. मोठ्या आचेवर दाणा भाजला तर बाहेरून काळा, आतून कच्चा राहतो आणि अख्ख्या भाजीला कडवटपणा देतो. मंद आचेवर खरपूस भाजावा, गार होऊ द्यावा, सालं चोळून सुपात पाखडावा. खलबत्त्यात कुटलेला उत्तम. मिक्सरला थांबून थांबून फिरवावा, एकदम फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. पावसाळ्यात त्याला दमट हवा सोसत नाही, खवट होतो, म्हणून आठवड्याचाच करून ठेवावा.

एक दोष गंभीर आहे. ओलसर साठवलेल्या दाण्यावर बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीत हे विष सापडलं आणि जगाला त्याची ओळख झाली. भाजून ते पुरतं जात नाही. आज्जी परातीत दाणे पसरून काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा एकेक दाणा वेचून काढते ते काम जो कुटावर जगणार आहे त्यानं कधीही टाळू नये.

आणि निव्वळ त्याच्यावर जगूही नये. याचा सगळ्यात मोठा दाखला महात्मा गांधींचा आहे. कलकत्त्याकडं गाई-म्हशींना दुधासाठी कसं छळतात याविषयी वाचून त्यांनी दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, १९१२ साली दूध सोडलं. वीगन हा शब्द इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला तो १९४४ साली, म्हणजे ३२ वर्षांनी. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात पायपीट करताना गांधींचा मुख्य आहार होता शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू. आपल्या कुटाचाच तो सख्खा भाऊ. तो त्यांनी प्रमाणाबाहेर खाल्ला, असं त्यांनी स्वतः आत्मकथेत नोंदवलं आहे. पोट बिघडलं, आमांशानं ते मरणाच्या दारापर्यंत गेले. पुढं मुंबईत, १९१९ च्या आरंभी, कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचं दूध का नको? गांधींनी ते घेतलं, आणि व्रताचा आत्मा दुखावल्याची टोचणी त्यांना आयुष्यभर राहिली.

मला या गोष्टीत गांधींची हार दिसत नाही. त्या काळी बी १२ हे जीवनसत्त्व कोणाला माहीतच नव्हतं. ते कुटात नाही, भाकरीत नाही, कोणत्याच भाजीत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून दूध सोडल्यावर महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. मग थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. आज त्याची गोळी औषधाच्या दुकानात मिळते. वीगन होणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून ती डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि रक्त तपासत राहावं. यात कमीपणा नाही.

बाकीचा हिशेब ताटात बसतो. १०० ग्रॅम दाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. पण लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक ज्वारीत कमी आणि दाण्यातही बेताचाच. तो तूर, हरभरा, हुलगा, मटकी यांच्यात भरपूर आहे, म्हणून भाकरी-चटणीवर न भागवता वाटीभर डाळ किंवा उसळ रोज हवीच. कॅल्शियम तिळात १०० ग्रॅममागं १,००० मिलिग्रॅमच्या वर असतं, दुधात १२० च्या आसपास. मात्र तीळ आपण चमच्यानं खातो आणि दूध पेल्यानं, हे विसरायचं नाही. नाचणी आणि राजगिऱ्याचा पाला सोबतीला घ्यावा. जवसाची चटणी ओमेगा ३ साठी. कूट या सगळ्यांना एकत्र बांधतो, त्यांची जागा घेत नाही.

खरा पेच पडला येळवसला. मार्गशीर्ष अमावस्येला आपल्या जिल्ह्यात रानात जेवायचं. भज्जी तर सगळी शेतातलीच, डाळी-पालेभाज्या-चिंचेची, त्यात शेंगदाणेही असतात. बाजरीचे उंडे. पण आंबिल ताकाची. आज्जीनं आदल्या रात्री ज्वारीचं पीठ पाण्यात भिजवून ठेवलं. सकाळी ते आपसूक आंबलं होतं. ते शिजवलं, गार केलं, जिरं-लसूण-मीठ घातलं आणि दाण्याचं घट्ट दूध ओतलं. एक मडकं ताकाचं, एक दाण्याचं. दोन्ही मडकी कोपीत शेजारी शेजारी ठेवली. भाचीच्या मामांनी दोन्ही चाखली आणि ताकाचीच वाटी भरून घेतली. धाकट्या पोरांना दाण्याची गोडसर आंबिल आवडली, ती दुपारपर्यंत संपली.

त्या रानातच पुढचं बोलणं झालं. दुकानातून दाणे आणून रोजचं दूध काढायचं तर परवडत नाही. विहिरीला काढणीपर्यंत पाणी टिकेल असा मामांचा अंदाज आहे, आणि उन्हाळी भुईमूग जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरावा लागतो. पाच गुंठे करायचे ठरलं. मामांना टीएजी २४ हा वाण हवा आहे, लवकर निघतो म्हणून. आज्जीची अट वेगळी आहे: कडेच्या दोन ओळींना काढणीपर्यंत कोणी हात लावायचा नाही, त्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला तिच्या.