पेढीचे पेज आणि सातवा अध्याय

सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाची जी जुनी दुकाने आहेत, त्यांपैकी एक चादरी, टॉवेल आणि नॅपकिनचे. तीन पिढ्यांची पेढी. तुळजापूरची भवानी, अक्कलकोटचे स्वामी, गाणगापूर, पंढरपूर अशा यात्रा आटोपून परतणारी माणसे जाता जाता गल्लीत शिरत आणि चादर घेतल्याशिवाय गाव सोडत नसत. दुकानाला जाहिरातीची गरज कधी भासली नाही. पाटीवरची अक्षरे पुसट झाली तरी पुन्हा रंगवावी असे कोणाला वाटले नाही, कारण वाट पायांनाच ठाऊक होती.

मार्च 2020 मध्ये ते पाय थांबले. मंदिरे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद राहिली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. या काळात फळीवरचा माल फळीवर राहिला आणि कारखानदारांची देणी मात्र वहीत वाढत गेली. त्या रिकाम्या दिवसांत फलटणहून आलेल्या धाकट्या सुनेने फोनवर पेढीचे पेज उघडले. सासऱ्यांनी हरकत घेतली नाही, उत्साहही दाखवला नाही. ‘गिऱ्हाईक डोळ्यांसमोर नसताना माल कसा दाखवणार?’ एवढेच त्यांनी विचारले.

प्रश्न साधा होता. पण सुनेने तो मनावर घेतला. दिव्याच्या झगमगाटात काढलेल्या फोटोत मरून रंग लाल दिसतो हे तिला पहिल्याच परत आलेल्या मालाने शिकवले. तेव्हापासून चादर दुकानाच्या पायरीवर, सकाळच्या उन्हात पसरून फोटो घेण्याचा नियम झाला. सोलापुरी जेकार्ड चादरीची नक्षी दोन्ही अंगांनी दिसते; म्हणून एक कोपरा उलटून ठेवायचा. शेजारी मोजपट्टी. एक फोटो वजनकाट्यावरचा. आणि किंमत तिथेच, स्पष्ट आकड्यांत. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ असे लिहिण्याची पद्धत इतर पेजांवर सर्रास दिसते. सासऱ्यांना ती मुळीच रुचली नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाव सांगणाऱ्या दुकानदाराला गल्लीत काय म्हणत, हे त्यांनी सुनेला सांगितले. तो शब्द इथे छापण्याजोगा नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी लावली, पैसे यूपीआयने येऊ लागले. पहिली मागणी पुण्याची, मग नागपूर, बेळगाव, ठाणे. ज्यांच्या आजोळी सोलापुरी चादर होती अशी ही माणसे. दोन-अडीच वर्षांत पेजवरची विक्री दुकानातल्या विक्रीच्या निम्म्यावर पोहोचली. घरातल्या तरुणांना ही मोठी गोष्ट वाटली आणि ती होतीही.

जाहिरातीचे पैसे भरण्याची वेळ आली तेव्हा एक गमतीचा प्रसंग घडला. फेसबुकवर जाहिरात देताना ती कोणत्या भागातील लोकांना दिसावी हे ठरवता येते. एखाद्या ठिकाणाभोवती इतक्या किलोमीटरचे वर्तुळ आखता येते. सून ते वर्तुळ ओढत होती. सासूबाईंना श्रावकाची बारा व्रते. दिग्व्रतात त्यांनी दाही दिशांची मर्यादा बांधून घेतलेली. वर्तुळ पाहून त्या म्हणाल्या, ‘अगं, हे तर आमचंच व्रत.’ तेवढ्यात फोनने सुचवले की क्षेत्र वाढवल्यास अधिक लोकांपर्यंत पोहोचता येईल. दिग्व्रताच्या पाच अतिचारांत क्षेत्रवृद्धी हा एक अतिचार आहे आणि बांधलेली मर्यादा विसरणे हा आणखी एक. सासूबाई खूप हसल्या. सुनेने मात्र त्या दिवशी महाराष्ट्र आणि बेळगाव एवढ्यावरच हात आवरला. ते व्रतासाठी नव्हे. त्याहून लांबच्या मागण्यांना वेळेवर उत्तर देणे एकटीच्या हातून होणार नव्हते म्हणून.

मग स्पर्धा आली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही परगावच्या मागांवर विणलेला माल त्याच नावाने विकला जातो, ही या गावची जुनी जखम आहे. आता तो पेजांवरही आला, तोही पाऊण किमतीत. त्या पेजांचे अनुयायी पन्नास-पन्नास हजार आणि अभिप्राय सगळे पाच ताऱ्यांचे. पेढीचे अनुयायी जेमतेम तीन हजार. भाद्रपदाच्या तोंडावर एक तरुण दुकानात आला. पंधरा हजार रुपयांत तो दहा हजार अनुयायी आणि दोनशे अभिप्राय देणार होता. अभिप्राय मराठीतून, निरनिराळ्या नावांनी, ‘अगदी खरे वाटतील असे’. शिवाय पेजचा सगळा ताबा त्याच्याकडे द्यायचा. मुलगा जवळजवळ तयार झाला होता. दिवाळीच्या आधी कारखानदारांचे पैसे चुकते करायचे होते, आणि सगळेच करतात, हे त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. सासरे म्हणाले, ‘दशलक्षण होऊ दे, मग पाहू.’

दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचण्याची परंपरा आहे. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो. व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा हा अध्याय. सून दरवर्षी ऐकत आली होती. कानावरून जात असे. या वर्षी तिला त्यात दुकान दिसले. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे दुसऱ्याच्या नावे खोटा लेख करणे. न लिहिलेल्या माणसांच्या नावाने लिहिलेले दोनशे अभिप्राय दुसरे काय होते? अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान. घेण्याचे माप वेगळे, देण्याचे वेगळे. विकत घेतलेले दहा हजार अनुयायी हे मापच होते, फक्त ते शेराचे नव्हते. आणि शेवटचा प्रतिरूपकव्यवहार. खऱ्याच्या रूपाचा नकली माल खऱ्याच्या जागी देणे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत याचे उदाहरण कृत्रिम सोन्याचे दिले आहे. सुनेच्या डोळ्यांसमोर परगावची चादर आली.

कायद्याचेही तिने पाहिले. ग्राहक असल्याची बतावणी करून विक्रेत्याने अभिप्राय लिहू नये, असे 2020 च्या ई-वाणिज्य नियमांत आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक काढले आहे. परंतु घरात निर्णय झाला तो कायद्याने नव्हे. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या पंगतीत तिने तीन अतिचारांची नावे घेतली आणि मुलाने ‘ठीक आहे’ म्हटले. त्या तरुणाला नकार कळवला गेला. प्रकरण इथे संपले असते तर ते सांगण्यासारखे नव्हते.

नकलीवर उत्तर म्हणून सुनेला एक चांगली कल्पना सुचली होती. अस्सल सुती चादर कशी ओळखावी याचे छोटे चित्रीकरण करून पेजवर टाकायचे. परीक्षा जुनीच आहे. चादरीच्या कडेचा धागा ओढून पेटवायचा. सूत कागदासारखे जळते, मागे मऊ राख उरते; पॉलिएस्टर वितळते आणि टोकाला कठीण मणी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे पायरीवर बसले. नव्या लॉटची एक चादर त्यांच्या मांडीवर. सून फोन धरून उभी. त्यांनी दोन वाक्ये बोलून काडी ओढली, धागा ज्योतीत धरला, बोटांनी टोक चोळले आणि थांबले. दुसरा धागा काढला. तिसरा काढला. बोटांत काळा मणी आला.

चित्रीकरण चालूच राहिले होते.

कारखानदाराचे बिल काढले. सुताचे भाव चढल्याने त्याने त्या लॉटमध्ये मिश्र धागा वापरला होता आणि बिलावर ‘मिश्र’ असे लिहिलेही होते, बारीक अक्षरांत. मुलाने ते वाचले नव्हते. सुनेने विचारले नव्हते. आणि ज्यांचा हात चादरीवरून नुसता फिरला तरी कळते, त्या सासऱ्यांनी हल्ली पार्सलाच्या घाईत माल हातात घेणे सोडले होते. लॉट ऐंशी चादरींचा. त्यांतल्या त्रेसष्ट पेजवरून गेल्या होत्या, प्रत्येकी 850 रुपयांना, ‘शंभर टक्के सुती’ या शब्दांखाली.

त्या दिवशी दुकानात फारसे कोणी बोलले नाही. मुलाचे मत असे पडले की उरलेल्या सतरा बाजूला ठेवाव्यात, पेजवरचे शब्द बदलावेत आणि पुढे जपून वागावे. तक्रार तर एकाचीही नव्हती. हे मत सहज धुडकावण्यासारखे नाही. दुकानात समोरासमोर झालेली चूक दोघांत राहते, मिटते. पेजवर कबूल केलेली चूक मात्र सगळ्यांसमोर येते, तिची छायाचित्रे घेऊन लोक ती फिरवतात, आणि चूक आणि लबाडी यांतला भेद तिथे कोणी शोधत बसत नाही. दिवाळी दीड महिन्यावर. मुलाने हे सगळे शांतपणे मांडले. सासरे बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘त्या पोराला परवा आपण कशासाठी परत पाठवला?’

क्षमावणीच्या दिवशी बहुतेक पेजांवर कमळाचे, हात जोडलेले, सोनेरी अक्षरांचे चित्र झळकते. एकच चित्र हजारोंना. कोणाची, कशाबद्दल क्षमा मागितली हे चित्राला ठाऊक नसते. पेढीच्या पेजवरही तीन वर्षे ते जात होते. या वर्षी सुनेने चित्र टाकले नाही. त्रेसष्ट चादरी सत्तेचाळीस घरांत गेल्या होत्या. त्या सत्तेचाळीस जणांना तिने एकेकाच्या नावाने संदेश लिहिला. अमुक तारखेला आपण घेतलेली चादर शुद्ध सुती म्हणून दिली गेली. ती तशी नाही. चूक आमची आहे. चादर परत करावी, पूर्ण रक्कम आणि पाठवणीचा खर्च पेढी देईल. किंवा ठेवून घ्यावी, 250 रुपये परत मिळतील. शेवटी उत्तम क्षमा. संध्याकाळी पायरीवरचे चित्रीकरणही पेजवर गेले, मणी बोटांत दिसतो त्या जागेपर्यंत, आणि खाली लॉटची हकिकत.

एकोणीस चादरी परत आल्या. एकतीस जणींचे आणि जणांचे फरकाचे पैसे पाठवले गेले. तेरा चादरींच्या घरांतून उत्तरच आले नाही. पाठवणीचा खर्च धरून पंचवीस हजारांच्या वर फटका बसला. नको म्हटलेल्या दोनशे अभिप्रायांपेक्षा ही रक्कम बरीच मोठी. उत्तर न आलेल्यांचे 3,250 रुपये सासऱ्यांनी वहीत वेगळ्या खात्यावर, त्यांच्या नावांनी जमा दाखवले. ठेवणाऱ्याला रकमेचा विसर पडला तर त्याची ठेव दाबणे, न्यासापहार, हाही सत्याणुव्रताचाच अतिचार, हे त्यांनी सुनेला त्या वेळी सांगितले. सातवा अध्याय ते तिच्यापेक्षा चाळीस वर्षे अधिक ऐकत होते.

मुलाने वर्तवले होते तेही घडले. चित्रीकरणाचा शेवटचा भाग तेवढा कापून ‘यांचा माल पाहा’ म्हणून कोणी फिरवला. एका बाईंनी एक तारा देऊन लिहिले की तीन पिढ्यांच्या दुकानाकडून ही अपेक्षा नव्हती. तो अभिप्राय काढून टाकता येईल का, असे सुनेने विचारले नाही. उत्तर काय लिहावे एवढेच विचारले. सासऱ्यांनी पेजसाठी सांगितलेला तो पहिला मजकूर, जुन्या व्यापारी पत्रांच्या भाषेत: ‘आपली तक्रार रास्त आहे. माल तपासण्यात आमची कसूर झाली. आपली रक्कम पोच झाली असल्यास कळवावे, ही विनंती.’ बाईंनी रक्कम मिळाल्याचे कळवले. तारा एकच ठेवला.

दिवाळीत पेजवरची विक्री मागच्या वर्षापेक्षा कमी झाली. कारखानदारांपैकी एकाचे पैसे मार्गशीर्षापर्यंत थकले. ते सासऱ्यांनी स्वतः जाऊन, मुदत मागून, पुढे दोन हप्त्यांत दिले. आता आलेल्या प्रत्येक लॉटमधला एक धागा दुकानात जाळून पाहिला जातो आणि त्याचे चित्रीकरण त्या लॉटच्या फोटोंसोबत लावले जाते. काम सासऱ्यांचे. ऊन चांगले पडेपर्यंत ते काडीपेटी खिशात घेऊन पायरीवर बसलेले असतात.

परत आलेल्या एकोणीस आणि न विकलेल्या सतरा अशा छत्तीस चादरी दुकानात वेगळ्या फळीवर ठेवल्या आणि सुनेने तिथे चिठ्ठी लावली: ‘मिश्र धागा. शुद्ध सुती नाही. 600 रुपये.’ कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या लोकांनी, वजनाला हलकी म्हणून, त्यातल्या चौदा नेल्या. चिठ्ठीचा फोटो पेजवर आहे. बाकीच्या बावीस अजून फळीवर आहेत.