पाया खणण्याआधी आमच्या भिंती पाहून जा

मा. विकासक महोदय,


पार्ल्यातल्या आमच्या शेजारच्या सोसायटीशी आपला पुनर्विकासाचा करार झाला, याचा आनंदच आहे. त्यांना मोठी घरं, भाडं आणि कॉर्पस मिळेल. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाने विशेष सभेपासून बँक गॅरंटीपर्यंत त्यांची सोय पाहिली आहे. कुंपणापलीकडच्या आम्हा बत्तीस बिऱ्हाडांशी मात्र आपला एका ओळीचाही करार नाही.

म्हणून आम्हाला हक्कच नाहीत, असं समजू नका. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवायला ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. साइटभोवती किमान २५ फुटी पत्रे आणि पाडकामावर सतत पाणी, हे महापालिकेने २०२३मध्येच बजावलं आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम तर १८८२चा. त्यानुसार आपण आपल्या हद्दीत खणलं तरी शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार काढून घेता येत नाही. त्या जमिनीवर उभ्या इमारतीला २० वर्षं विनाखंड, विनातंटा आधार मिळाला असेल, तर तोही हक्क ठरू शकतो. आमची इमारत १९७४ची आहे.

घोडं अडतं पुराव्यावर. दोन मजली तळघराची खोदाई सुरू झाली की माती सरकते आणि जिन्याच्या भिंतीला भेग पडते. तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं, ‘ती जुनीच होती.’

तेव्हा पोकलेन आणण्याआधी एवढं करा. दोन्ही बाजूंच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरांनी आमची इमारत गच्चीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पाहावी, फोटोंसह अहवालावर सह्या व्हाव्यात. आज दिसणाऱ्या प्रत्येक भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालावी. भेग रुंदावली तर काच तडकते, मग वाद उरत नाही. हद्दीलगतच्या शोअर पायलिंगचा नकाशा आम्हाला द्यावा. नुकसान झालं तर दुरुस्ती कोण, किती दिवसांत करणार आणि विमा कोणता, हे लेखी असावं.

कोर्टकचेरी आम्हालाही नको. पण दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो, हे आम्हाला माहीत आहे. पाहणीची तारीख आठ दिवसांत कळवा. खोदाई त्यानंतरच सुरू करा.

आपले,
कुंपणापलीकडच्या सोसायटीचे सभासद